मिस्त्री कामावर गेलेत

"नळ चालू असताना गळतंय, की बंद केल्यावर पण गळतंय? ते सांग आधी मला."

"काकी, खाली नुसतं तळं झालंय हो. पीठ भिजलं, चटई भिजली..."

"होणारच गं. पाणी आहे ते, खालीच जाणार. मी काय विचारलं? नळ बंद कर. केलास? आता सिंकखालचं दार उघड, खाली बैस आणि नुसती बघत राहा. थेंब पडतोय?"

पलीकडे बरंच सामान सरकवल्याचा आवाज आला. मग बारीक आवाजात, "नाही पडत."

"मग रडायचं कशाला? येणारं पाणी गळत नाहीये, जाणारं गळतंय. सिंकच्या पोटाला एक मोठा पांढरा नट असेल बघ, प्लास्टिकचा. तो हाताने आवळ. पाना लावू नकोस हां, तडकला तर मग खरंच माणूस लागेल. बरणीचं झाकण लावतेस ना, तेवढाच जोर."

"मिस्त्रीकाका येऊन गेले असते तर बरं वाटलं असतं."

"मिस्त्री कामावर गेलेत. बाहेरगावी मोठं काम आहे, आठ दिवस तरी त्यांची सुटका नाही."

हे बोलताना वहिनी जिन्याच्या वरून दुसऱ्या पायरीवर बसली होती. मांडीवर बटणं लावायला आलेल्या शर्टांचा ढीग, ओठांत सुई, कानाला फोन. आणि तिच्या पाठीमागे, दोन दारं आत, मिस्त्री भिंतीकडे तोंड करून पडले होते. भर सकाळचे दहा वाजलेले. ज्या माणसाला एकतीस वर्षांत सूर्याने अंथरुणात पाहिलं नव्हतं, तो आता न्याहारी झाली की पुन्हा आडवा व्हायचा.

तिला सगळे वहिनी म्हणत. लहान पोरी काकी म्हणत, पण ती वहिनीच. नळदुरुस्तीचा नंबर म्हणून गावभर जो नंबर लोकांच्या फ्रिजवर चिकटवलेला होता, तो तिचा होता. मिस्त्री स्वतः फोन बाळगत नसत. "डोकं मोरीत आणि हात पाण्यात, तिसरा हात कुठनं आणू?" असं म्हणायचे. तेव्हा फोन बायकोकडे. पहिली काही वर्षं ती नुसता पत्ता लिहून घ्यायची. मग हा माणूस संध्याकाळी यायचा आणि चहाच्या आधी करवादायचा, "चार जिने चढून गेलो. काय तर म्हणे नळ बारीक येतोय. तोंडाची जाळी काढून झटकली, झालं. त्यांना झटकता येत नव्हती होय?" दुसऱ्या दिवसापासून वहिनी फोनवर विचारू लागली. एकच नळ बारीक येतो की सगळे? एकच असेल तर जाळी काढून झटका. फ्लशची टाकी रात्रंदिवस वाहते? झाकण काढा, आत गोळा आहे तो कडेला अडकलाय का बघा. बेसिन तुंबलं? खाली बादली ठेवा, वाटीसारखा भाग आहे तो फिरवून काढा, आतले केस तुमचेच आहेत, तोंड वाकडं करू नका.

पाना तिने जन्मात हातात धरला नव्हता. पण मिस्त्री रात्री स्वयंपाकघरात पेपर पसरून जुने नळ उघडायचे, आणि ती भांडी आवरता आवरता बघायची. झिजलेला वायसर कसा दिसतो, चिरलेली नळी कशी वाजते, सगळं तिच्या डोक्यात जाऊन बसलं होतं. आणि एक शिस्त तिने पाळलेली होती. गिझर म्हटलं की माणूस. मोरीतून मैला उलटा वर आला की माणूस. भिंतीतून पाणी आलं की माणूस. तिथे फोनवरची हुशारी चालवायची नाही.

चार महिन्यांपूर्वी मिस्त्री एका घरी बेसिनखाली शिरले ते बाहेरच येईनात. पाठ धरली. दोन तास तसेच, गाल फरशीला लावून. शेवटी खुर्चीत बसवून चौघांनी खाली आणलं. डॉक्टरांनी फोटो उजेडाला धरून दाखवला आणि सांगितलं, मणक्याची गादी खलास आहे, आता वाकणं बंद, ठोकाठोकी बंद, ऐकलं नाहीत तर एक पाय जाईल. मिस्त्रींनी शहाण्या पोरासारखी मान हलवली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी विचारलं, "माझी पिशवी कुठे ठेवलीस?"

वहिनी या माणसाला ओळखून होती. दारात कुणी उभं राहून "मिस्त्री, जरा बघता का" म्हणालं, की याची जीभ टाळ्याला चिकटायची. नाही हा शब्द त्याच्या घराण्यातच कुणाला यायचा नाही. मग तिने ठरवलं, दारात कुणी यायलाच नको. फोन जिन्यात घ्यायचा. जेवढं फोनवर उरकेल तेवढं उरकायचं, उरलेल्यांना पलीकडच्या रस्त्यावरच्या दुसऱ्या मिस्त्रीचा नंबर द्यायचा.

पाठ सुधारली. माणूस मात्र वाळत चालला. पहिला महिना तो पाने तेल लावून पुसत बसला. दुसऱ्या महिन्यात पुसायचा थांबला. "आता लोक मोबाईलवर बटण दाबतात, टी-शर्ट घातलेली पोरं येतात. आपल्याला कोण विचारतंय?" दाढी आठ-आठ दिवस वाढलेली. हार्डवेअरवाल्याने गल्ल्याशेजारी स्टुलावर बसून गिऱ्हाईक सांभाळायला बोलावलं होतं. तेही त्याने अशा आवाजात सांगितलं की जणू स्मशानात जागा मिळाली. "सोमवारपासून जातो. बसून बसून नळ विकीन. लावणारा मेला, विकणारा जगला."

वहिनीला तर हेच हवं होतं. स्टूल, पंखा, सावली, न वाकणं. पण हे ऐकून तिला काही गोड वाटलं नाही. एकदा सांगून टाकावं असं वाटे, की अहो, दिवसाला सात-आठ फोन येतात, सगळे तुमचंच नाव घेतात. पण सांगितलं की हा पिशवी घेऊन निघाला. न सांगावं तर हा असा भिंतीकडे तोंड करून पडलेला. बटणं लावून लावून तिची बोटं दुखायची, पण त्याहून जास्त तिला या खोटं बोलण्याचा शीण आला होता.

त्या दिवशी अकराच्या सुमाराला मिस्त्री उठले, पाठीला लावायची पट्टी आणायला औषधवाल्याकडे गेले, आणि पट्टी न घेताच परत आले. जिना चढताना तीनदा थांबले. वहिनीच्या खालच्या पायरीवर बसले.

"औषधवाल्याची फ्लशची टाकी दुरुस्त झाली म्हणे."

वहिनीची सुई बटणातच अडकली. "चांगलं झालं की."

"हो ना. मला म्हणतो, कधी आलात? कसं आहे बाहेरगाव?"

वहिनी सुई सोडवू लागली.

"मी विचारतोय, कसं आहे बाहेरगाव? मी गेलोय म्हणे तिकडे. मोठं काम चाललंय माझं. मला कुणी सांगितलंच नाही, नाहीतर चार कपडे तरी भरले असते."

"डॉक्टर काय म्हणाले ते विसरलात?"

"मी मेलो नव्हतो, बाई." तो ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. "चार महिने मला वाटतंय, माणसं विसरली. रोज झोपताना म्हणायचो, कुठे चुकलो? कुणाचं काम वाईट केलं? तू बाजूला पडून ऐकत होतीस."

ती म्हणाली, "पाय गेला असता तुमचा. मग मी काय केलं असतं?"

त्याने कठड्याला डोकं टेकवलं. मग तो म्हणाला, "कोणाकोणाचे आले? सांग."

वहिनीला सगळे तोंडपाठ होते. ती एकेक सांगू लागली आणि तो डोळे मिटून ऐकू लागला. शिंपीणबाईचा नळ ठिबकत होता, वायसर बदलायला सांगितला. "बरोबर." बेकरीवाल्याचं बेसिन, केसांनी तुंबलेलं. "केस नव्हे, पीठ असणार, पण बरोबर." पोस्टातल्या साहेबांचा गिझर, दुसऱ्या मिस्त्रीकडे दिला. इथे त्याचं तोंड कडू झालं, पण म्हणाला, "बरोबर." जरा वेळाने त्याच्या चेहऱ्यावर काही तरी हललं. एवढी माणसं आहेत तर.

"आणि शाळेच्या बाई. त्यांच्या बाथरूमच्या मागच्या भिंतीला बशीएवढा डाग आलाय. मी विचारलं, सारखा ओला असतो का? तर म्हणे नाही, आंघोळी झाल्या की ओला होतो, रात्री वाळतो. म्हणजे पाइप नव्हे, फरशीच्या फटी. पांढरं सिमेंट भरून घ्या म्हटलं."

मिस्त्रींनी डोळे उघडले.

"बादलीने आंघोळ करून बघा म्हणालीस का?"

"नाही."

"त्या बाई शॉवरने आंघोळ करतात. शॉवरची चावी फिरवली की तिथून वर जाणाऱ्या पाइपात पाणी चढतं, बंद केली की थांबतं. तो पाइप फुटला असेल तरी आंघोळीच्या वेळेलाच गळणार. फटीतून आणि पाइपातून, दोन्ही डाग सारखेच दिसतात. बादलीने आंघोळ करून डाग कोरडा राहिला, तर पाइप." तो कठड्याला धरून उठला. "आणि तो पाइप मी टाकलाय. चौदा वर्षं झाली. त्या भिंतीच्या मागे त्यांच्या खोलीतला विजेचा बोर्ड आहे."

वहिनीच्या हातातला शर्ट खाली घसरला. भिंतीतून पाणी आलं की माणूस. तिचाच नियम, आणि तिनेच तो मोडला होता. का मोडला, तेही तिला ठाऊक होतं. शाळेच्या बाईंनी दुसऱ्या कुणा मिस्त्रीला घरात घेतलं नसतं. याच्यासाठी हटून बसल्या असत्या. म्हणून तिने डाग बशीएवढाच ऐकला होता.

तिने फोन लावला. "बाई, मी बोलतेय. तुमच्या खोलीतल्या बोर्डाला हात लावू नका. ... काय? काल झिणझिण्या आल्या? कुणाला? सासऱ्यांना?" तिने डोळे घट्ट मिटले. "बरे आहेत ना? ऐका, कोरड्या हाताने, पायात चप्पल घालून मेन स्विच पाडा. आत्ता. मी धरून आहे फोन. ... पाडलात? शॉवर चालू करायचा नाही. वायरमनला बोलवा. हो. मिस्त्री येतायत."

"त्या दुसऱ्याला पाठवू का?" फोन ठेवून तिने विचारलं खरं, पण उत्तर माहीत होतं.

"त्याला काय माहीत पाइप कुठून गेलाय? सगळी भिंत उकरून ठेवील. कमरेचा पट्टा दे माझा."

पिशवी तिने उचलली. एवढी जड असेल असं तिला वाटलं नव्हतं. एकतीस वर्षं हा माणूस ही खांद्याला लावून लोकांचे जिने चढला होता, आणि ती आपली पत्ते लिहून देत होती. तीन गल्ल्या ती पुढे आणि तो मागे, कमरेला पट्टा बांधून, पाय जरा ओढत.

शाळेच्या बाईंच्या घरी सासरे खुर्चीत बसून उजव्या हाताची बोटं उघडमिट करून बघत होते. "मला वाटलं वयामुळे झिणझिण्या येतात," ते म्हणाले. वहिनीला त्यांच्याकडे बघवेना. मिस्त्रींनी बाथरूमच्या भिंतीवर तळहात टेकवला, वर सरकवला, खाली आणला, आणि पेन्सिलीने एका फरशीवर चौकोन काढला. छातीच्या उंचीवर होता. वाकायची गरज नव्हती, तेवढी मेहेरबानी झाली. वायरमन येऊन बोर्ड उघडेपर्यंत त्यांनी ती एकच फरशी फोडली. तिसऱ्या ठोक्याला त्यांच्या तोंडून एक आवाज आला आणि ते जागीच थांबले, घाम आला. वहिनी पुढे झाली तर हातानेच नको म्हणाले. भिंतीला खांदा टेकवून, छिन्नी डाव्या हातात घेऊन, इंच इंच करत उरलेलं काढलं. आत पाइपाच्या वळणावरचा कोपर चिरला होता.

"माझाच आहे," ते म्हणाले. "मीच लावलेला. स्वस्तातला आणला होता तेव्हा." बाईंना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाले. कोपर बदलून झाला, पण घरी त्यांना पुन्हा खुर्चीतूनच आणावं लागलं.

आता तीन आठवडे कडक फळीवर पडून राहायचं. डॉक्टर वहिनीलाच रागावले, आणि तिने ऐकून घेतलं. पाय शाबूत आहे, अंगठा मात्र बधिर झालाय. स्टुलाचं मिस्त्रींनी हार्डवेअरवाल्याला कळवलं, बरं वाटलं की येतो. पण त्या आधी बायकोला बजावलं, "फोन जिन्यात घ्यायचा नाही. इथे घ्यायचा, स्पीकरवर. माझ्या नावाने आलेला फोन मला ऐकू आला पाहिजे. जाणार नाही मी कुठे. फक्त ऐकणार."

फक्त ऐकणार! वहिनीने बिछान्याजवळ बटणांचा डबा मांडला आणि त्याच सकाळी पहिला फोन आला. कुणी पुरुषमाणूस होता, स्वयंपाकघरातून कुजका वास येतो म्हणत होता.

"मोरीचं पाणी जातंय ना नीट?" वहिनीने विचारलं.

"घरात बरेच दिवस कुणी नव्हतं का विचार," फळीवरून आवाज आला. "जाळीखालचं पाणी वाळलं असेल, वास मग वर येतोच."

"तेच विचारत होते. तुम्ही पडून राहा ना."

"हॅलो? कोण बोलतंय मध्ये?"

"मिस्त्री आहेत. पाठ दुखतेय त्यांची, तोंड ठणठणीत आहे. दादा, घर बंद होतं का मध्ये? ... हां. मग प्रत्येक मोरीत एकेक तांब्या पाणी ओता."

"दोन तांबे," मिस्त्री म्हणाले.

"दोन ओता, दादा," वहिनी म्हणाली, आणि दोरा तोडून पुढचा शर्ट ओढला.