रुमालात बांधलेला आहेर
काल दुकानात कोऱ्या सुती कापडाचा वास आला आणि माझं डोकं पुन्हा तापलं. तीसेक वर्षांपूर्वी भाचीच्या लग्नाला बायकोने मासिकात पाहून आमचा आहेर जपानी पद्धतीने बांधला होता. साडी स्टीलच्या डब्यात, डब्याभोवती मोठा कोरा सुती रुमाल, वर फुलासारखी गाठ. "चमकीचा कागद लाव," म्हटलं, तर म्हणे, "कागद लोक फाडून फेकतात." पिंप्राळ्याच्या मांडवात उकाडा होता आणि वरणबट्टीचा वास दरवळत होता. मी डबा आहेराच्या टेबलावर ठेवला. वऱ्हाड गेल्यावर बहीण चारचौघांत म्हणाली, "भाऊ, बठ्ठ्यांचा आहेर आला, सख्ख्या मामाचाच नाही!" डबा गायब होता. आठवड्याने तिच्या विहीणबाई धुळ्याहून आल्या, त्या मी घासाघीस करून घेतलेली तीच साडी नेसून. बहिणीला म्हणाल्या, "कुणी शिदोरी म्हणून गाडीत ठेवलेला डबा वाटेत पारोळ्याला सोडला, तर आत माझा मान! सांगून तरी द्यायचा." मी तोंड उघडणार, तोच बहिणीने माझा हात दाबला. विहिणीच्या अंगावरची साडी परत कशी मागायची? भाचीच्या सासरी मी अजूनही रिकाम्या हाताने आलेला मामाच आहे, आणि बायको विचारते, "रुमाल तरी मागून आणायचा ना?"