शाळेत वळलेली विडी

नातीच्या शाळेत दर बुधवारी नॉर्वे नावाच्या देशातली मुलं पडद्यावर येतात. इंग्रजी बोलायची सवय व्हावी, एकमेकांचं घरदार कळावं म्हणून. एकदा घरातल्या म्हाताऱ्या माणसाला बोलावलं होतं, हातचं काम दाखवायला.

"आज्जी, तू रांगोळी काढ," नात म्हणाली.

"मला कुठं येते? मला विड्या वळता येतात."

"शाळेत विडी? मिस काय बोलेल?" कोलकात्यात वाढलेली पोर, मराठी अशीच बोलते.

सोलापुरात मला तिसरीतून काढली ती विड्यांसाठीच. आई आजारी, घरात हात कमी. दिवसाला हजार वळायच्या, मांडीवर सूप, तंबाखूनं सारखा खोकला. लग्नानंतरही तेच केलं. त्यावर मुलगा शिकला, बँकेत लागला, बदलीनं इकडं आला. लाज वाटावी असं त्यात काय, मला कळेना.

शेवटी तंबाखूच्या जागी चहापत्ती आणि पानाच्या जागी खाकी कागद घेतला. बेहाल्याच्या घरून बसनं दोघी बालीगंजला शाळेत गेलो. मी वळत होते, नात कागदावरचं इंग्रजी वाचून सांगत होती. हात काही विसरले नव्हते. तिकडं सकाळ होती. पडद्यावरच्या एका मुलीनं आपला कप उचलला आणि दोऱ्याला धरून काहीतरी कपात बुडवल्यासारखं केलं.

मला इंग्रजी येत नाही, पण एवढं कळलं.

"काय सांगितलंस गं त्यांना?"

"चहा," ती खाली बघत म्हणाली. "तू चहाच्या पुड्या करायचीस म्हणून."

"मी शाळा सोडली ती चहासाठी नाही. खरं सांग."

"सगळे हसतील, आज्जी."

"हसू देत. मी बसलेय ना इथं."

आता हातातला लिहून आणलेला कागद नातीच्या कामाचा नव्हता. तिनं तो घडी करून बाजूला ठेवला. मग ती बोलायला लागली, अडखळत, शब्द शोधत. मी पुढची विडी घेतली. मला 'टोबॅको' कळलं, मग 'स्कूल'. कोणी हसलं नाही. त्या मुलीनं कप खाली ठेवला आणि काहीतरी विचारलं.

"तिची आज्जी मासे साफ करायच्या कारखान्यात होती," नात मला म्हणाली. "विचारते, तुझी बोटं अजून दुखतात का?"

"थंडीत दुखतात म्हणावं. तिच्या आजीची?"

नातीनं विचारलं. तिकडून उत्तर आलं. हिनं परत काही विचारलं, मग तिनं. मला सांगायचं दोघी विसरूनच गेल्या. मी हात थांबवले आणि ऐकत बसले.