चावलं नाही म्हणजे खाल्लं नाही

आमच्या तंजावूरच्या ऑफिसातले एक गृहस्थ पोट लहान करण्याचं ऑपरेशन करून चाळीस किलो उतरले आणि आमच्या डब्यांवर प्रवचनं देऊ लागले. स्वतः मात्र दर अर्ध्या तासाला पायसमचे, म्हणजे गोड खिरीचे, चार घोट घेत. "चावलं नाही म्हणजे खाल्लं नाही, अण्णा," असं मलाच समजावत. पंधरा किलो परत आले, तेव्हा शर्ट आटवल्याचा ठपका धोब्यावर आला.

गेल्या महिन्यात ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरांनी त्यांना नव्या रुग्णांपुढे बोलायला बोलावलं. मी गंमत बघायला गेलो. एका बाईंनी विचारलं, "वजन परत वाढलं तर?"

ते म्हणाले, "माझं वाढलंय. लाजेनं दोन वर्षं तपासणीला आलो नाही. तुम्ही येत जा."

तिथून ते थेट वजनकाट्याकडे गेले. चढण्याआधी बूट, पट्टा, घड्याळ, अगदी चष्मासुद्धा काढून त्यांनी माझ्या हातात दिला.