शत्रूच्या विमानावरचं ठिगळ

इनास मिस्त्री गेल्याची बातमी मला उत्तनहून बोंबील घेऊन येणाऱ्या बाईनं दिली. टोपली खाली ठेवायच्या आधीच ती म्हणाली, "मास्तर, तुमचा इनास गेला. काल दुपारीच." त्या 'तुमचा'चं मला दिवसभर नवल वाटत राहिलं. मी भाईंदरच्या शाळेतला मास्तर, तो उत्तनच्या किनाऱ्यावर होड्या बांधणारा. मी घरी गणपती बसवणारा, तो रविवारी कोट घालून चर्चला जाणारा. नात्याचं म्हणाल तर काहीच नाही. पण लढाईच्या दिवसांत एका पाडलेल्या जर्मन विमानाच्या मागे आम्ही दोघं असे काही लागलो होतो की गावाला ते ठाऊक झालं होतं, आणि गाव आम्हाला हसतही होतं. आता महिना होत आला. मिस्त्री कसा होता असं कुणी विचारलं तर मी त्या विमानाचीच गोष्ट सांगेन.

आमची ओळख शाळेच्या बाकांवरून झाली. बाकं दुरुस्त करायला तो आला आणि आधी माझ्या टेबलाखाली शिरला. बराच वेळ बाहेर येईना. मग खालूनच आवाज आला, "ह्यो कुनी केला?" मी म्हटलं, ठाण्याच्या कुणा सुताराकडून घेतलंय. तो म्हणाला, "मानूस बरा हाय, पन ह्या कोपऱ्याला त्याला भूक लागलेली." मला वाटलं, थापा मारतोय. पुढे कळलं की ही त्याची खोडच होती. कुठलीही वस्तू दिसली की ती केवढ्याला घेतली, किती जुनी, याच्याशी त्याला कर्तव्य नसे. ती कुणी केली, उभं राहून केली की बसून, मन लावून केली की वैतागून, हे त्याला हवं असे. माझं भिंतीवरचं घड्याळ त्यानं याच हौसेपायी उघडलं आणि ते आजतागायत दहा मिनिटं मागे आहे.

इतक्या लोकांचे हात ओळखणाऱ्या या माणसाला घरातला एक हात मात्र सोसला नाही. त्याचा एकुलता एक मुलगा आंतोन डावरा होता, सगळं काम डाव्या हातानं करायचा. लढाई सुरू व्हायच्या आदल्या साली किनाऱ्यावर एक मोठी होडी बांधायला घेतली होती. तिची एक बाजू आंतोननं एकट्यानं ठोकली. इनास आला, त्यानं खिळ्यांवरून बोट फिरवलं आणि चारचौघांत एकेक खिळा उपटून काढला. "डावऱ्याचा खिला पान्यात सुटतो," एवढंच बोलला. आंतोननं हातोडी वाळूत ठेवली आणि तो मुंबईला निघून गेला. पुढे कुणीतरी सांगितलं, लष्कराच्या विमानं दुरुस्त करायच्या कारखान्यात लागलाय. कुठल्या, ते त्यालाही माहीत नव्हतं. पत्र एकही आलं नाही. मार्थाबाई, म्हणजे इनासची बायको, दर पावसाळ्यानंतर मला विचारायची की पोस्टातून काही चुकून शाळेत आलंय का... मला नाही म्हणायची लाज वाटायची.

लढाई सुरू होऊन दोन-अडीच वर्षं झाली असतील. लढाईच्या फंडासाठी मुंबईत एका मैदानावर पाडलेलं जर्मन विमान लोकांना पाहायला ठेवलंय, असं मी वर्तमानपत्रात वाचलं. मला स्वतःला जायचंच होतं. एकट्यानं जाणं पोरकट दिसेल म्हणून मी मिस्त्रीला गळ घातली. "लाकडाचा हाय का?" त्यानं विचारलं. पत्र्याचं असावं म्हटल्यावर तो लगेच तयार झाला. मैदानात दोरखंड बांधले होते, आत ते विमान एका पंखावर किंचित कलून उभं होतं. शत्रू म्हणून मनात जे काही धरून गेलो होतो त्याच्या मानानं फारच लहान वाटलं. लोक रांगेनं पुढे सरकत होते. एक गृहस्थ तर त्याला नावं ठेवून थुंकलेही. मिस्त्री मात्र मध्येच थांबला आणि त्याच्यामागे सगळी रांग थांबली.

पोटाच्या बाजूला हातभर पत्र्याचं ठिगळ होतं. तो त्याच्याकडे पाहत राहिला. मी कोपरानं ढोसलं तरी हलेना. शेवटी म्हणाला, "मास्तर, बाकी खिल्यांच्या रांगा बगा. सरल हाईत. आनी ह्या ठिगलाचे? एक वर, एक खाली." मी म्हटलं, असतील, त्यात काय? तर त्यानं मला तिथेच शिकवणी दिली. फळीत सगळे खिळे एका रेषेत मारले तर लाकूड त्या रेषेवर चिरतं. म्हणून होडीवाला एक खिळा वर, एक खाली मारतो. "पन पत्रा कुटं चिरतो? ह्याला वर-खाली मारायची काय गरज? हात लाकडावर शिकलाय याचा. होडीवर." मग त्यानं मान तिरकी केली. चुकलेल्या घावांचे चरे प्रत्येक खिळ्याच्या उजव्या अंगाला होते. त्याच्या म्हणण्याप्रमाणे उजव्या हातानं ठोकणाऱ्याचे ते डाव्या अंगाला पडतात. "डावरा हाय," तो म्हणाला, आणि दोरखंडाखालून सरळ आत गेला. पहारेकऱ्यानं दंड धरून बाहेर काढेपर्यंत त्याचा तळवा त्या ठिगळावर टेकलेला होता. परत येताना गाडीत तो एकच वाक्य बोलला. "माज्या आंतोनचा काम हाय ता."

पाडलेल्या विमानाला इथल्या कुठल्याशा कारखान्यात ठिगळ मारलं असेल, हे पटत होतं; पण ते आंतोननंच मारलं यावर माझा विश्वास बसला नाही, हे आज कबूल करतो. पण त्याला तसं सांगायची छाती नव्हती, आणि खरं म्हणजे मलाही आता उत्सुकता लागली होती. अशा विमानाचं पुढे होतं काय? तमाशा संपल्यावर ते नेतात कुठे? आठवड्याभरानं आम्ही पुन्हा गेलो तेव्हा मैदानात नुसत्या चाकांच्या खुणा होत्या. मग मी अर्ज लिहायला सुरुवात केली. सरकारी कचेऱ्यांनी मला या टेबलावरून त्या टेबलावर बरंच हिंडवलं. एकानं तर शत्रूच्या विमानाची एवढी चौकशी का, असं उलट विचारलं आणि माझी पाचावर धारण बसली. तरी हळूहळू त्या विमानाची वाटचाल कळत गेली. आगगाडीवर मावेना म्हणून त्याचे पंख कापले होते. पुढच्या गावी लोकांनी आठवण म्हणून शेपटीचा पत्रा तोडून नेला. इंजिन कुठल्याशा शाळेत शिकवायला ठेवलं. प्रत्येक उत्तर मी उत्तनला जाऊन वाचून दाखवायचो आणि मिस्त्री दर वेळी विचारायचा, "ठिगल हाय ना अजून?"

लढाई संपल्यावर वर्षभरानं दक्षिणेतल्या एका कारखान्याच्या जुन्या मुकादमाचं पत्र आलं. भल्या माणसानं सविस्तर लिहिलं होतं. गोळ्यांनी पडलेल्या भोकांत लोक हात घालत आणि पत्रा मोडून नेत, म्हणून मुंबईला यायच्या आधी, पहिल्याच मुक्कामानंतर, ते विमान त्यांच्याकडे आणून ठिगळ मारलं. ते मारणारा मलबार किनाऱ्यावरचा एक तरुण होता. बाप होड्या बांधायचा, मुलगा डावरा. त्याचं नाव, पत्ता, सगळं दिलं होतं. आंतोन नावाचं कुणी त्यांच्याकडे कधीच नव्हतं. आणि विमान? ते बाकीच्या भंगारासोबत वितळवून टाकलं होतं.

हे पत्रही मी उत्तनला जाऊन वाचून दाखवलं. मिस्त्रीचं सगळं बरोबर निघालं होतं. होडीवाला, डावरा, बापाकडून शिकलेला... फक्त बाप तो नव्हता. मार्थाबाई आत निघून गेली. तो बराच वेळ समोरच्या फळीवरचा भुसा झाडत राहिला. मग म्हणाला, "त्या पोराला कागद लिवा, मास्तर."

मी तिथेच लिहिलं. त्याच्या तोंडचे शब्द असे होते: "तुजा काम मी पायला. बरा हाय. तुजा खिला सुटायचा न्हाय. बाप जिता असल तर त्याला कागद धाड." मलबारच्या त्या मुलाला मराठी कुठून येणार, म्हणून मी ते इंग्रजीत केलं. लिहिताना कळत होतं की हे पत्र दुसऱ्याच कुणासाठी आहे आणि त्याचा पत्ता आम्हा दोघांनाही माहीत नाही.

त्यानंतर तीनेक वर्षं तो जगला. अंत्यविधी झाल्यावर मार्थाबाई मला घरामागे घेऊन गेली. तिथे त्यानं बांधायला घेतलेली शेवटची लहान होडी उभी आहे. उजवी बाजू नेहमीसारखी, बोट फिरवलं तर खिळा लागू नये अशी. डावी बाजू पाहून मात्र मला वाईट वाटलं. खिळे वाकलेले, लाकडावर घावच घाव, तेही अर्ध्या फळीपर्यंतच. मी म्हटलं, हात थकला होता बिचाऱ्याचा.

"थकला न्हवता, मास्तर," ती म्हणाली. "ती बाजू डाव्या हातानं मारली त्यानं. मना म्हनला, पोराला कसा जमत व्हता ता बगतो."

आंतोन, हा मजकूर तुझ्या हाती पडला तर एवढंच सांगायचं आहे. मी वाकून नीट पाहिलं. त्या बाजूचा एकही खिळा तुझ्या वडिलांनी उपटलेला नाही. बाकीची अर्धी फळी ठोकायची आहे, आणि तुझ्या आईनं तिला अजून कुणाला हात लावू दिलेला नाही.