कांबळ्यांची पंचेचाळीस मिनिटं

रविवार, सकाळी अकरा. ठिकाण, कर्वेनगरमधल्या आमच्या सोसायटीचं पार्किंग. उपस्थित: अध्यक्ष जोगळेकर, ए विंगचे अकरा सभासद, बी विंगचे सात, निमंत्रित म्हणून श्रीमती निर्मला कांबळे, आणि सचिव म्हणून मी. विषय दोन. पहिला, सदाशिव कांबळे यांना श्रद्धांजली. दुसरा, तीन वर्षांपूर्वीच्या एका ठरावात दुरुस्ती. पहिला विषय सात मिनिटांत आटोपला.

कांबळे गेल्याला आता सहा आठवडे झाले. बातमी आली तेव्हा सकाळचे सव्वासहा वाजले होते आणि मी पंपाशेजारच्या चेंबरवर वाकून ए विंगचा व्हॉल्व्ह उघडत होते. वॉचमन येऊन म्हणाला, ‘मॅडम, कांबळेसाहेब पहाटे गेले.’ पहिल्यांदा मनात काय आलं ते इथे लिहूनच टाकते. सुटले, असं वाटलं. ते नव्हे, मी.

आमचं कधीच पटलं नाही. आमच्या गल्लीत कोणाचंच कोणाशी पटत नाही, हेही सांगायला हवं. बाहेरून पाहिलं तर झाडं आहेत, कॉलेजं जवळ आहेत, भाजी दारात येते. आत राहायला आलं की कळतं, इथे प्रत्येक जण दुसऱ्याच्या कुंडीतून गळणाऱ्या पाण्यावर, गेटसमोर लावलेल्या स्कूटरवर आणि जिन्यात ठेवलेल्या चपलांच्या स्टँडवर डोळा ठेवून असतो. भांडणं आवाज चढवून होत नाहीत. ‘आपल्याला कल्पना असेलच’ अशी सुरुवात असलेल्या चिठ्ठ्यांमधून होतात. कांबळ्यांना तर चिठ्ठीही लागत नसे, ते तोंडावरच सांगत.

पाटबंधारे खात्यात त्यांची सगळी नोकरी कालव्याच्या पाण्याची पातळी मोजण्यात गेली. निवृत्त होऊन इथे आल्यावर सोसायटीचं पाणी सोडायचं काम त्यांनी आपणहून अंगावर घेतलं. आमच्याकडे सकाळी खालची टाकी भरते, पंप एकच, आणि तिथून दोन्ही विंगच्या गच्चीवरच्या टाक्यांना आळीपाळीने पाणी सोडावं लागतं. व्हॉल्व्ह खोल खड्ड्यात आहेत म्हणून कमरेइतकी उंच लोखंडी चावी लागते. तिच्या मुठीला कांबळ्यांनी सायकलची ट्यूब गुंडाळली होती. रोज सहाला ते चेंबरपाशी उभे. दुसऱ्या कोणी त्या चावीला हात लावलेला त्यांना खपत नसे.

माझ्या मुलीच्या साखरपुड्याला चाळीस माणसं यायची होती. आदल्या दिवशी मी त्यांना म्हटलं, उद्या बी विंगला दहा मिनिटं जास्त सोडा. त्यांनी मान वरसुद्धा केली नाही.

‘साखरपुडा तुमचा आहे. पाणी सगळ्यांचं आहे.’

मी हसून सोडून देणाऱ्यांतली नाही. दुसऱ्या आठवड्यापासून मी खिडकीत घड्याळ घेऊन बसू लागले. महिनाभर रोजची नोंद केली, तक्ता केला. ते राहत होते त्या ए विंगला रोज पंचेचाळीस मिनिटं, आमच्या बी विंगला तीस. एका दिवसाचाही अपवाद नाही. वार्षिक सभेत मी तो तक्ता सगळ्यांना वाटला. ठराव झाला: ‘श्री. सदाशिव कांबळे यांनी पाणीवाटपात स्वतःच्या विंगला झुकते माप दिल्याचे निदर्शनास आले असून सदर काम त्यांच्याकडून काढून घेण्यात येत आहे.’ वाक्यरचना माझी. हात सगळ्यांचे वर, ए विंगचेसुद्धा, कारण चोरीच्या पाण्यातले भागीदार म्हणून कोणाला दिसायचं नव्हतं. मागच्या खुर्च्यांतून कोणीतरी म्हणालं, ‘ह्यांच्या हातात काही दिलं की असंच होतं.’ ‘ह्यांच्या’ म्हणजे कोणाच्या, ते तिथे प्रत्येकाला कळलं. कांबळ्यांच्या घराच्या दारात बुद्धाची तसबीर आहे आणि सोसायटीत तसं घर ते एकच. मी इतिवृत्तात चहा कोणी दिला तेही लिहिते... ते वाक्य मात्र मी लिहिलं नाही.

कांबळे उभे राहिले. चावी बरोबर आणलेली होती, ती टेबलाला टेकवून ठेवली.

‘सचिवबाई, तुम्ही मिनिटं मोजलीत. पाणी मोजलंत का?’

त्याचा अर्थ कळायला मला नऊ दिवस लागले. चावी आता माझ्याकडे होती आणि मी दोन्ही विंगना बरोबर साडेसदतीस मिनिटं देत होते. पाचव्या दिवशी बी विंगची टाकी वाहून जिन्यात पाणी आलं. त्याच दिवशी ए विंगच्या वरच्या दोन मजल्यांवर दुपारी नळ कोरडे. मी म्हटलं, प्रेशरचा घोळ असेल. नवव्या दिवशी मी गच्चीवर गेले. ए विंगच्या टाकीमागे एक बांबूची काठी होती, बी विंगच्या टाकीमागे दुसरी. दोन्हींवर पांढऱ्या रंगाची एकेक रेघ, एकाच उंचीवर. दोन्ही टाक्या एकाच मापाच्या आहेत. मी प्लंबरला बोलावलं. त्याने सांगितलं की ए विंगची लाइन जुनी आहे, आतून गंजून निम्मी झाली आहे, तेवढंच पाणी चढायला तिला दीडपट वेळ लागणार. म्हणजे हा माणूस रोज पाणी सोडून झाल्यावर दोन्ही गच्च्यांवर चढत होता, काठी बुडवून पाहत होता, आणि दोन्ही विंगना रेघेपर्यंत सारखं पाणी देत होता. मला हे एका वाक्यात विचारता आलं असतं त्यांना. त्यांनाही मला सांगता आलं असतं. दोघांनाही ते कमीपणाचं वाटलं.

दुसऱ्या दिवशी मी ए विंगला पंचेचाळीस मिनिटं सोडलं, बी विंगला तीस. कोणाला काही बोलले नाही. संध्याकाळी कांबळे दारात उभे. आत या म्हटलं, आले नाहीत.

‘पाणी आलं. आता ठरावातलं तेवढं वाक्य काढा.’

‘पुढच्या सभेत घेते,’ मी म्हटलं.

पुढच्या सभेत लिफ्टचा विषय लांबला. त्याच्या पुढच्या वर्षी रंगकाम निघालं. तिसऱ्या वर्षी मीच विषयपत्रिकेतून ते काढलं, आणि कारणही शोधलं नाही. दर वर्षी सभेच्या आधी त्यांचं एका ओळीचं पत्र माझ्या पेटीत पडत असे: ‘ठरावातील वाक्य चुकीचे आहे, हे आपणांस ठाऊक आहे.’ मी ती पत्रं फाइलला लावली. जिन्यात समोर आले तर ते भिंतीकडे पाहायचे, मी मोबाइलकडे. निर्मलाताई आमच्याकडे हळदीकुंकवाला यायच्या, त्या ठरावानंतर आल्या नाहीत. मी बोलावणं मात्र यादीप्रमाणे पाठवत राहिले, आणि आमंत्रण दिलं होतं अशी खूण करत राहिले.

ते गेले त्याच्या दोन दिवस आधी भाजीवाल्यापाशी भेटले. खूप वाळले होते. मी तब्येतीची चौकशी केली. त्यांनी कोथिंबिरीची जुडी उलटसुलट केली, माती झटकली आणि म्हणाले, ‘माझी नको. ए विंगच्या लाइनची करा. आता पंचेचाळीसही पुरत नाहीत.’ हे आमचं शेवटचं बोलणं. दुसऱ्या दिवशी मी काठी बुडवून पाहिली, रेघ पाण्याच्या चार बोटं वर राहिली होती. त्या दिवसापासून मी पन्नास मिनिटं सोडते.

तर रविवारची सभा. श्रद्धांजलीचा मजकूर मी वाचला: मनमिळाऊ, हसतमुख, सर्वांच्या मदतीला धावणारे. यातलं एकही अक्षर खरं नाही. ते तुसडे होते, चिवट होते आणि हिशोबाला चोख होते, पण तसा मजकूर सोसायटीत चालत नाही. निर्मलाताई पहिल्या रांगेत बसल्या होत्या, पदर सावरून, माझ्या हातातल्या कागदाकडे बघत. दोन मिनिटं शांतता झाली. दुसरा विषय वाचायला मी तोंड उघडलं, तर जोगळेकर म्हणाले, ‘आजच्या दिवशी जुनं उकरायला नको, काय?’ सगळ्यांनी माना डोलावल्या. खुर्च्या सरकल्या. सचिव म्हणून मी थांबवू शकले असते... पेनाला टोपण लावलं.

जाताना निर्मलाताई माझ्यापाशी थांबल्या. ‘ते म्हणायचे, ही बाई यादीतलं काम सोडत नाही. मी वाट बघत होते.’

गेला आठवडाभर मी दोन्ही विंगचे जिने चढते आहे. दुरुस्तीचा मजकूर तयार आहे, अनुमोदक म्हणून एका सभासदाची सही हवी आहे. मागच्या खुर्च्यांतून आलेलं ते वाक्यही त्यात घातलं आहे. आठ घरांतून एकच उत्तर मिळालं, की गेलेल्या माणसाला आता काय फरक पडतो. निर्मलाताई सही करायला तयार आहेत, पण फ्लॅट अजून त्यांच्या नावावर झालेला नाही, त्यामुळे त्यांची सही चालत नाही. अनुमोदनाशिवाय पुरवणीत मी काहीही लिहिलं तरी इतिवृत्त बदलत नाही, हे मला इतरांपेक्षा जास्त कळतं.

चावी माझ्या दाराआड उभी असते. ट्यूब जिथे झिजली आहे तिथे त्यांच्या हाताची पकड अजून लागते, माझ्या मुठीला ती मोठी होते. आज सकाळी ए विंग पन्नास, बी विंग तीस. काठ्या पाहिल्या, दोन्ही रेघा भरल्या. मग घरी येऊन कागद पुन्हा पुढे घेतला. सूचक म्हणून माझी सही झाली आहे. अनुमोदकाची जागा रिकामी आहे.