प्रत माहितीसाठी

आण्णा गेल्याचं कळलं तेव्हा मी भाजी निवडत होते. शांतावहिनी, त्यांची बायको, फोनवर एवढंच म्हणाल्या, "बाई, सकाळी च्या पिला आन् गेले ह्ये." त्याला आता महिना होईल. लिहायचा धीर होत नव्हता...

शिवाजी पेठेतले आमचे आण्णा कांबळे जन्मभर कोर्टाबाहेर अर्ज टाइप करत. अर्ज म्हटला की नाव, बापाचं नाव, वय, राहणार. आणि खाली पाच-सहा साहेबांना 'प्रत माहितीसाठी'. तसा रबरी शिक्काच करून घेतला होता. जितक्या टेबलांवर कागद, तितका साहेब वचकून असतो, हे त्यांचं तत्त्वज्ञान, आणि इथल्या कचेऱ्यांत ते चालायचंही.

त्यांच्या माडीवर इद्रिस हा परदेशी विद्यार्थी भाड्यानं राहायचा. त्याच्या देशात लष्करानं सत्ता बळकावली आणि त्याच्या भावाला भर रस्त्यातून उचलून नेलं. समोरच्या बेकरीवाल्यानं ते पाहिलं होतं. जगाला चिंता वाटते असं पेपरात रोज छापून येतं. आण्णांना ती खरोखर वाटली. बेपत्ता माणसांचा जाब सरकारांना विचारणारी एक आंतरराष्ट्रीय समिती आहे असं कळलं, आणि ते अर्जाला बसले. मी निवृत्त शिक्षिका, इंग्रजी माझं. बेकरीवाल्याचं नाव, बापाचं नाव, गल्ली, सगळं रीतसर आलं. सवयीप्रमाणे एक प्रत त्या देशाच्याच गृहखात्याला गेली. मग समितीचं उत्तर आलं: दखल घेतली आहे, साक्षीदाराची ओळख मात्र कुणालाही कळू देऊ नका... पुढं इद्रिसच्या आईनं फोनवर सांगितलं की बेकरी बंद आहे आणि बेकरीवाल्याचा ठावठिकाणा नाही.

आमच्या अर्जामुळंच का, ते कधीच कळलं नाही. इद्रिस एका शब्दानं बोलला नाही, त्यानं आण्णा जास्तच खचले. शिक्का खणात गेला तो परत निघाला नाही. भेटले की पहिला प्रश्न तोच, "बाई, त्या बेकरीवाल्याचं काय कळलं का वो?" नाही म्हटलं की म्हणायचे, "मीच पत्ता दिला की त्यास्नी." तुम्हाला काय ठाऊक होतं, अशी मी त्यांची समजूत घालायची. स्वतःबद्दल मात्र गप्प बसायची.

परवा वहिनींनी तो शिक्का माझ्या हातावर ठेवला. म्हणाल्या, "त्या गृहखात्याचं पाकीट तुमीच लिवलंतं न्हवं? बाईंना त्याची आठवण करून द्यायची न्हाय, असं ह्ये कायम सांगायचे."

शिक्का माझ्या टेबलावर आहे. त्याची शाई कधीच वाळली आहे. मी विसरले नव्हते, आण्णा.