अमरावती ते अकोला, एका कापलेल्या पानासाठी

वैशालीचा फोन आला तेव्हा मी डिसेंबरात कोकणात जायचं ठरवत होते. ती म्हणाली, "कोकण कुठं पळून चाललं? इकडं ये. मी स्टेजवर पाऊण तास गप्प बसून राहणार हाये, पाहाले ये."

वैशाली माझी हॉस्टेलातली मैत्रीण. माहेर वलगावचं, घरी फुलांची आणि भाजीची शेती, स्वतः अमरावतीत शाळेत शिकवते. आवाज असा की हॉस्टेलात ती पेपर वाचायला लागली तरी मुली खोलीत येऊन बसायच्या. ती आणि गप्प? मी त्याच दिवशी नाशिकहून तिकीट काढलं.

जाणाऱ्यांसाठी माहिती: अमरावतीला जायचं तर बहुतेक गाड्यांमधून बडनेऱ्याला उतरावं लागतं. सकाळी थंडी बऱ्यापैकी असते, शाल वरच ठेवा. स्टेशनबाहेर शेअर ऑटो मिळतात, राजापेठेपर्यंत तीस रुपये घेतले. राजापेठेत ट्यूशनला निघालेल्या पोरांच्या गाड्यांमधून रस्ता ओलांडणं हे एक वेगळं पर्यटन आहे. पलीकडे वैशाली स्कूटर घेऊन उभी होती. तिने आधी गिला वडा खाऊ घातला. दह्यात भिजलेला वडा, वर लाल चटणी. डोळ्यांतून पाणी येतं आणि आपण दुसरी प्लेट सांगतो. अमरावतीला फक्त यासाठीही जायला हरकत नाही.

मग तिने सगळं सांगितलं. इथल्या एका वाचक मंडळाने एका जुन्या अमेरिकन कादंबरीचं अभिवाचन बसवलं होतं. एक प्रयोग अमरावतीत, एक अकोल्यात. कादंबरीचं नाव देत नाही, नाहीतर खाली कॉमेंटमध्ये कोणता अनुवाद चांगला यावरच भांडणं लागतील. गोष्ट कापसाच्या मुलखातली. गोऱ्या मालकाचं लहान मूल तापाने जातं आणि दुधात विष घातल्याचा आळ काळ्या स्वयंपाकिणीवर येतो. ताप होता हे सगळ्या गावाला ठाऊक असतं. बोलत कोणीच नाही. तिला फाशी होते.

"आणि स्वयंपाकीण तू," मी म्हटलं.

"हाव. दुसरं कोन? रंग पाहा ना माहा."

मंडळाचे दिग्दर्शक म्हणजे सर, निवृत्त प्राध्यापक. रूपांतर त्यांचं, प्रस्तावना त्यांची आणि स्वयंपाकिणीचा कळवळा येणाऱ्या गोऱ्या वकिलाची भूमिकाही त्यांचीच. दुपारी एका ट्यूशन क्लासच्या वरच्या मजल्यावर तालीम होती. गोऱ्यांनी पांढरे कपडे घालायचे, स्वयंपाकिणीने काळी साडी नेसायची, असं ठरलेलं. सरांनी माझं कौतुकाने स्वागत केलं आणि वैशालीकडे बोट दाखवून म्हणाले, "हिला मी वाचायला फारसं दिलेलंच नाही. हिचं नुसतं असणं बोलतं. ते नैसर्गिक आहे तिच्यात."

मंडळातला सगळ्यात चांगला आवाज आणि त्याला स्टुलावर बसवून ठेवलेलं. बरं, कादंबरीत स्वयंपाकीण मुकी आहे का? नाही. न्यायाधीश विचारतो, "तुला काही सांगायचं आहे?" आणि ती बोलते. अख्खं एक पान बोलते, पुस्तकभरात एकदाच. वैशालीने मूळ अनुवाद वाचला होता. तालमीत तिने पुन्हा विषय काढला.

"सर, माहं थे पान घेऊ ना. दोन मिनिटं लागतात."

"वेळेचं गणित बसत नाही गं. शिवाय तिच्या मौनात जास्त ताकद आहे."

सरांचं स्वतःचं वकिली भाषण मी तालमीत ऐकलं. त्यात ताकद कुठे होती ते सांगता येत नाही, पण वेळ भरपूर होता.

संध्याकाळचा प्रयोग हाऊसफुल्ल. माणसाने माणसाला रंगावरून कमी लेखणं किती लाजिरवाणं, यावर सर गहिवरले, सभागृह गहिवरलं. न्यायाधीशाने प्रश्न विचारला, वैशालीने ठरल्याप्रमाणे खाली पाहिलं आणि सर उत्तर द्यायला उभे राहिले. नंतर चहाच्या टेबलापाशी रेशमी साडीतल्या एक बाई डोळे पुसत तिच्याकडे आल्या. "किती शोभलीस गं भूमिकेत! तुला काही करावंच लागलं नाही." वैशाली हसून थँक्यू म्हणाली. मला त्या बाईंच्या साडीवर चहा सांडावासा वाटला, आणि तो सांडला नाही याचं मला आजही वाईट वाटतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही वलगावला गेलो. फुलांची हौस असेल तर या दिवसांत इकडे जरूर या. वैशालीच्या आई झेंडू तोडत होत्या. त्यांनी आम्हाला बांधावरच बसवलं आणि भाकरी, वांग्याची भाजी, हिरव्या मिरचीचा ठेचा समोर ठेवला. मला वाटलं होतं, आई तरी मुलीच्या बाजूने बोलतील. कुठचं काय!

"कायले वाद घालतं वो त्या सरासंगं? पेपरात फोटो तर येते ना?"

"फोटोत मी मागं हाये, आई. अर्धी कापलेली."

"अर्धी तर अर्धी. काढून टाकलं तं थेबी नाई येनार."

वैशालीने उरलेली भाकरी संपवली. उठताना तिने पर्समधून एक घडी केलेला कागद काढून पाहिला आणि परत ठेवला. त्या पानाची झेरॉक्स होती. कडेला पेनाने तिचं स्वतःचं काहीतरी लिहिलेलं होतं.

त्याच दुपारी अकोल्याला मंडळाच्या ट्रॅव्हलरने गेलो. रस्ता उत्तम आहे, मूर्तिजापूरला चहाला थांबूनही आरामात पोचतो. वाटेत कापसाने फुगलेले ट्रक लागतात. ते पाहून सरांना वातावरणनिर्मिती सुचली आणि त्यांनी अमेरिकेतल्या गुलामांवर सगळ्यांना ऐकू जाईल असं व्याख्यान दिलं. टपरीवर सगळ्यांचा चहा पिऊन झाला, मग सर म्हणाले, "वैशाली, तेवढे रिकामे कप उचल गं." गाडीत आम्ही दहा-बाराजण होतो. तिने स्वतःचा कप उचलला, टाकला आणि गाडीत जाऊन बसली. मला तेव्हाच कळायला हवं होतं.

अकोल्याचं सभागृह लहान, पण भरलेलं. प्रयोग अमरावतीसारखाच चालला. न्यायाधीशाने विचारलं, "तुला काही सांगायचं आहे?" सर उठायला लागले.

"हाव," वैशाली म्हणाली. "मले सांगायचं हाये."

सर अर्धवट उभे. ती स्टुलावरून उठली, कागद उघडला. अनुवादातलं छापील मराठी तिने ठेवलंच नव्हतं.

"दूध मी तापवलं. लेकरू माह्या मांडीवर गेलं. त्याच्या आईनं त्याले हात नाई लावला, ताप लागंल म्हून. मी रातभर बसली. डॉक्टरले माहीत हाये. तुमाले सर्वांले माहीत हाये. तुमाले माही साक्ष नाई पायजे, साहेब. तुमाले माहं गप्प बसनं पायजे."

माइकवरून सरांची कुजबुज ऐकू आली, "पुढे... पुढे चला." ती पुढे गेली नाही. पान संपेपर्यंत वाचलं, सावकाश. आदल्या दिवशी गहिवरलेल्यांसारखं इथे कोणी डोळे पुसले नाहीत. माझ्या शेजारचे काका मान खाली घालून बसले होते. मी मात्र रडले, रागाने आणि आनंदाने.

आता सरांची कमाल ऐका. शेवटी आभार मानताना ते म्हणाले, "हे पान वऱ्हाडीत आणण्याचा प्रयोग आम्ही मुद्दाम अकोल्यासाठी राखून ठेवला होता." टाळ्या पडल्या, त्याही त्यांनीच घेतल्या. असा निगरगट्टपणा मी आजवरच्या कुठल्याच प्रवासात पाहिलेला नाही.

परतीची गाडी अकोल्याहूनच पकडली. घरी येऊन दोन आठवडे झाले. गिला वड्याची आठवण येते, वलगावच्या झेंडूचीही. पण भांडी घासताना, बसची वाट बघताना कानात येतं ते "हाव, मले सांगायचं हाये." काल न राहवून वैशालीला फोन लावला.

"सरांचा फोन आल्ता," ती म्हणाली. "नवीन कादंबरी घेऊन राहिले, राणीची. मले म्हने, दासी तूच कर. राणीमागं वारा घालाचा."

"मग तू काय म्हणालीस?"

"मी म्हटलं, करते ना सर. फक्त पुस्तक आधी माह्याजवळ द्या. यावेळी कापाकापी मी करते."

"फोन ठेवला असेल त्यांनी!"

"नाई ठेवला. अकोल्यावाल्यांनी पुन्हा बोलावलं हाये मंडळाले, अन् थे पान पायजेच म्हनतात. सर विचार करून राहिले."